जमीन लहान होत नाही : परसातल्या रेल्वेचं शास्त्र

मागे आवाज नीट पोचतोय ना? बरं, मग सुरू करू या.

आजचा विषय आहे परसातली रेल्वे. घराच्या मागे जी थोडीफार मोकळी जागा असते, तिथे खऱ्या मातीवर, उन्हापावसात चालणारी छोटी आगगाडी. आगगाडीची लघुरूपं आपल्याला नवी नाहीत. पुण्यात कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली लघुरेल्वेचं संग्रहालय उघडलं आणि ते पाहून आलेली माणसं इथेही बसलेली असतील. पण ती मांडणी छपराखालची. ती गाडी बाहेर मातीत आणली की प्रश्नच बदलतात, आणि आपल्याला आज त्या बदललेल्या प्रश्नांबद्दलच बोलायचंय.

एक वाक्य आधी सांगून ठेवतो, पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे. आपण इंजिन लहान करू शकतो, डबे लहान करू शकतो, स्टेशनवरची माणसंसुद्धा लहान करू शकतो. पण जमीन, पाणी, ऊन आणि चढ हे काही आपल्यासाठी लहान होत नाहीत.

आकाराचं गणित

हा छंद मुख्यतः ब्रिटन आणि जर्मनीत वाढला. तिथे दोन मापं रुळली. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ साली 'एलजीबी' नावाची गाडी बाजारात आणली. तिच्या रुळांमधलं अंतर ४५ मिलीमीटर आणि प्रमाण २२.५ ला १. हे विचित्र वाटणारं प्रमाण आलं कुठून? मीटर गेज, म्हणजे १००० मिलीमीटर. त्याला २२.५ ने भागा, साधारण ४४.५ येतात. म्हणजे ४५ मिलीमीटरच्या रुळावर मीटर गेजची गाडी बरोबर बसते.

ब्रिटनमध्ये दुसरा हिशेब. तिथे १ फुटाला १६ मिलीमीटर, म्हणजे प्रमाण साधारण १९ ला १. दोन फुटी रूळ त्यात ३२ मिलीमीटरचा होतो. आणि दोन फुटी रूळ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? नेरळ-माथेरान. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली, १९०७ साली सुरू झालेली ती गाडी बरोबर याच गेजची. तेव्हा कुणाला परसात माथेरानची गाडी फिरवायची असेल, तर माप आयतं तयार आहे.

आता गंमत बघा. लांबी १९ पट कमी केली की वजन किती पट कमी होतं? १९ पट नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही कमी झाल्या, म्हणून १९ गुणिले १९ गुणिले १९, म्हणजे ६८५९ पट. समजा १२ टनांचं इंजिन आहे. त्याचं लहान रूप पावणेदोन किलोंचं होईल. पण रुळावर पडलेला २ मिलीमीटरचा खडा मात्र २ मिलीमीटरचाच राहतो. त्या छोट्या गाडीच्या दृष्टीने तो जवळजवळ ४ सेंटीमीटरचा दगड झाला! खरी गाडी ज्या काडीचा भुगा करून पुढे जाते, त्याच काडीवरून आपली गाडी घसरते. म्हणून परसातल्या रेल्वेत रोज सकाळी पहिलं काम कोणतं? झाडू मारणं. (हशा)

वाफेच्या इंजिनाचंही तेच. आकार कमी झाला की आतल्या पाण्याच्या मानाने बॉयलरचा पृष्ठभाग वाढतो, १९ ला १ च्या प्रमाणात १९ पट. मोठ्या पातेल्यातलं वरण बराच वेळ गरम राहतं आणि वाटीतलं लगेच निवतं, तसंच हे. म्हणून छोट्या बॉयलरला बाहेरून चांगलं वेष्टण लागतं, नाहीतर गॅसची बरीचशी उष्णता हवा तापवण्यातच जाते.

चढ : ओढणार कोण?

माथेरानच्या मार्गावर सर्वांत तीव्र चढ २० ला १ आहे. २० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. मग परसात तसा चढ ठेवला तर काय होईल? चला, हिशेब करू. आकडे उदाहरणापुरते धरतोय.

इंजिन २ किलोंचं, सगळी चाकं ओढणारी. चाक आणि रूळ यांची पकड वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी. म्हणजे इंजिन फार तर ४०० ग्रॅम वजनाइतक्या जोराने ओढणार. त्यापुढे चाकं जागच्या जागी फिरतील. छोट्या गाडीला सपाटीवर विरोध असतो वजनाच्या सुमारे २ टक्के. ४०० ग्रॅम म्हणजे २ टक्के, तर पूर्ण गाडी किती? २० किलो. इंजिन वजा जाता १८ किलो. पाऊण किलोचा एक डबा धरला तर २४ डबे.

आता ५० ला १ चा चढ द्या. चढाचे २ टक्के वाढले, एकूण ४ झाले. गाडी निम्म्यावर आली, १० किलो. इंजिनामागे १० डबे. आणि २० ला १? चढाचेच ५ टक्के, एकूण ७. गाडी पावणेसहा किलोंची, इंजिनामागे फक्त ४ डबे. २४ चे १० आणि १० चे ४. रूळ डोळ्यांना जवळजवळ सपाटच दिसतो, पण इंजिनाला तो घाट असतो. म्हणून जाणकार मंडळी ५० ला १ पेक्षा जास्त चढ शक्यतो टाळतात.

मग उताराच्या अंगणाचं काय करायचं? इथे बरेच जण जमिनीच्या चढाबरोबर रूळही चढवतात. तसं करू नका. रूळ एका पातळीत ठेवा आणि जमिनीला खाली जाऊ द्या. वरच्या टोकाला रूळ मातीला टेकलेला, खालच्या टोकाला विटांच्या खांबांवर फूटभर उंच. शिवाय खालच्या बाजूला वाकावं लागत नाही, हा गुडघ्यांचा फायदा वेगळाच.

पातळी कशी बघायची? त्यासाठी महागडं यंत्र नको. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आतले बुडबुडे घालवा. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत उभं राहतं, मग मध्ये तुळशीवृंदावन असो की विहीर.

वळण : एकाच आसाची दोन चाकं

गाडीची दोन चाकं एकाच आसावर पक्की बसवलेली असतात. दोन्ही सारख्याच वेळा फिरतात. पण वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. किती लांब? पूर्ण वर्तुळाला फरक येतो २ गुणिले पाय गुणिले रुळांमधलं अंतर. ४५ मिलीमीटरच्या रुळाला सुमारे २८ सेंटीमीटर. यात त्रिज्या कुठेच आली नाही! वर्तुळ लहान असो वा मोठं, फरक २८ सेंटीमीटरच.

मग मोठ्या वळणाचा फायदा काय? तोच फरक जास्त लांबीवर विभागला जातो. ६० सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा घेर पावणेचार मीटर, त्यात २८ सेंटीमीटर म्हणजे ७ टक्क्यांहून जास्त. दीड मीटर त्रिज्या घेतली तर घेर साडेनऊ मीटरच्या आसपास आणि फरक ३ टक्के. चाकाचा किंचित शंकूसारखा आकार थोडाफार फरक सांभाळून घेतो, उरलेला चाक घसटून भरून काढतं. घसट म्हणजे विरोध, आणि विरोध म्हणजे पुन्हा डबे कमी. तेव्हा चढ आणि तीव्र वळण एकाच जागी आणू नका.

ऊन : एका मिलीमीटरची ताकद

बागेतले रूळ बहुतेक पितळेचे असतात, कारण ते गंजून जात नाहीत. पण पितळ उन्हाने बरंच प्रसरण पावतं. १५ मीटर रूळ, पहाटे १५ अंश आणि भर दुपारी उन्हात तापून ६० अंश. लांबी वाढेल सुमारे १३ मिलीमीटर. तुम्ही म्हणाल, एवढंसं तर आहे.

पण बघा. १.२ मीटरचा एक तुकडा घ्या, तो साधारण १ मिलीमीटर वाढतो. दोन्ही टोकं घट्ट जखडली तर तो १ मिलीमीटर जाणार कुठे? रूळ बाजूला फुगणार, कमानीसारखा. किती फुगेल याचा हिशेब केला तर येतात जवळजवळ २१ मिलीमीटर! लांबीतला १ मिलीमीटर, बाजूला २ सेंटीमीटर. गाडी पडायला हे भरपूर झालं.

म्हणून रूळ सिमेंटमध्ये पक्का करायचा नाही. खडीत नुसता बसवायचा, आणि गार वेळी टाकत असाल तर दर सांध्याला मिलीमीटरभर फट ठेवायची. दुपारी टाकत असाल तर फट लागत नाही, कारण तेव्हा रूळ आधीच ताणलेला असतो. फट किती ठेवायची हे आधी घड्याळ बघून ठरवा, मोजपट्टी नंतर.

पाणी : खरी परीक्षा

आता सर्वांत महत्त्वाचं. माथेरानच्या गाडीला चढाने हरवलं नाही, वळणांनी हरवलं नाही. जुलै २००५ च्या पावसाने मार्ग उखडला आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडलं. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा नुकसान झालं, आणि नेरळहून थेट माथेरानला गाडी गेली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. शंभर वर्षांहून जुनी, अनुभवी रेल्वे. तिची ही गत, तर आपल्या परसातल्या रुळांचं काय?

ब्रिटनमधली पुस्तकं वाचून कामाला लागलात तर ती दंव आणि गोठलेल्या जमिनीबद्दल सांगतील. आपला प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे पाणी चार महिन्यांत येतं आणि धो धो येतं. रुळाखालची माती एकदा भिजली की वजन पेलत नाही, एक बाजू खचते आणि रूळ कलतो.

म्हणून मार्गाच्या रेघेवर वीतभर खोल चर खणा. तळाला विटांचे तुकडे, त्यावर खडी, सगळ्यात वर पाच-सहा मिलीमीटरची कच, धूळ चाळून काढलेली. कच फोडीव दगडाचीच हवी, नदीतली गोल नको. फोडीव दगडाच्या कडा एकमेकींत अडकतात, गोल खडे घरंगळतात. मोठ्या रेल्वेतही खडी फोडलेलीच वापरतात, ती याच कारणासाठी. आणि चराला एका टोकाला पाणी जायला वाट ठेवा. ती नसेल तर आपण रेल्वेऐवजी हौद बांधला असं समजा. (हशा)

घरच्यांचा करार

शेवटचा मुद्दा अभियांत्रिकीचा नाही. वॉल्ट डिस्ने यांनी १९५० साली लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घरामागे सुमारे ८०० मीटरची रेल्वे केली. माणसं बसून जातील एवढी मोठी, ८ ला १ प्रमाणातली. इंजिनाला नाव दिलं 'लिली बेल', पत्नी लिलियन यांच्यावरून. आणि रूळ कुठून जातील याचा पत्नी आणि मुलींबरोबर रीतसर लेखी करार केला! पत्नीच्या फुलझाडांचा वाफा वाचावा म्हणून त्याखालून बोगदा काढला. पुढे १९५३ साली एका अपघातानंतर त्यांनी ती गाडी बंद केली. १९५५ साली डिस्नेलँड उघडलं, तेव्हा त्याच्याभोवती मात्र रेल्वे होती.

करारातला विनोद सोडून द्या, अर्थ घ्या. परस एकट्याचं नसतं. तिथे कुणाची जाई असते, कुणाचा कपडे वाळत घालायचा दोर, कुणाची धुण्याची फरशी. रूळ खरेदी करण्याआधी बागेतला पाण्याचा लांब पाइप मार्गावर पसरून ठेवा आणि आठवडाभर तसाच राहू द्या. कोण अडखळतं, कुठे पाय पडतो, ते कळेल. जमलं तर एक पावसाळा नुसता बघा, पाणी कुठे साचतं तिथे खुंटी ठोका. रूळ बदलायला एक दिवस लागतो, पण मोडलेली जाई परत फुलायला वर्षं जातात, आणि घरच्यांचा राग जायला किती ते तुम्हीच ठरवा.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. गच्चीवर होईल का?

उत्तर : होईल, पण सोसायटीची परवानगी घेऊन. तिथे मातीचा प्रश्न नाही, उन्हाचा दुप्पट आहे. गच्चीला भोक पाडू नका, वॉटरप्रूफिंग जाईल. विटांवर फळ्या आणि फळ्यांवर रूळ, उचलून ठेवता येईल असं करा. पावसाळ्यात सगळं घरात. आणि पाणी जायच्या पाइपचं तोंड कधीही अडवू नका.

प्रश्न : वीज, बॅटरी की वाफ?

उत्तर : रुळातून वीज द्यायची तर रूळ सतत घासून स्वच्छ ठेवावा लागतो, कारण पितळ काळं पडलं की संपर्क तुटतो. आपल्या धुळीत आणि दमटपणात ते जिकिरीचं होतं. म्हणून सुरुवातीला इंजिनातच बॅटरी आणि हातात रिमोट, हे सोपं. वाफ नंतर, आणि मुलं असतील तर मोठं माणूस शेजारी हवंच.

प्रश्न : सुरुवात किती मोठी करावी?

उत्तर : एक साधा फेरा, एक इंजिन, दोन डबे. तो एक पावसाळा टिकला की पुढचा रूळ जोडा. टिकला नाही, तर कुठे खचला ते बघा. दुरुस्ती तिथूनच सुरू करायची आहे.