एहसान नूरानी : ब्लूजवर जीव असलेला मुंबईकर
तामलवाडीहून तुळजापूरकडे निघालं की गोंधळ्यांच्या तुणतुण्याचा मुलूख लागतो. त्याला तार एकच. अमेरिकेच्या दक्षिणेतही गरीब कृष्णवर्णीय मुलं फळीवर एक तार ठोकून वाजवत. तिथल्या ब्लूज संगीताचे कित्येक गिटारवादक तसेच घडले. या संगीतावर जीव असलेले आपल्याकडचे मोठे वादक म्हणजे एहसान नूरानी. लॉस एंजेलिसच्या म्युझिशियन्स इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षण, मुंबईत जाहिरातींच्या जिंगल्स, मग शंकर महादेवन आणि लॉय मेंडोन्सा यांच्यासह ‘दिल चाहता है’ (२००१). ‘कल हो ना हो’साठी या त्रयीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटातली (२०१५) नवी गाणीही त्यांचीच, हे मराठी रसिकांनी आवर्जून लक्षात ठेवावं. फेंडर कंपनीने नूरानींच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर गिटार काढली. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय.