जयभीम, डिट-डा-डा-डा

‘तार आली’ म्हटले की पूर्वी आपल्या वस्तीत कागद उघडायच्या आधीच घरच्या बाया रडायला लागत. तार म्हणजे कुणीतरी गेले, हेच समीकरण. मग वस्तीतला एखादा मॅट्रिक झालेला पोरगा शोधून आणायचा, त्याच्याकडून इंग्रजी वाचून घ्यायचे आणि कळायचे की मुंबईच्या जावयाला गिरणीत नोकरी लागली! जुलै २०१३ मध्ये सरकारने तारसेवा बंद केली. तार गेली, पण तारेची भाषा मेली नाही. जगभरचे हौशी रेडिओवाले, ज्यांना ‘हॅम’ म्हणतात, ते आजही याच मोर्स लिपीत रात्र रात्र बोलत असतात. आमच्या कामठीतील काही मुलामुलींनी ती शिकायला घेतली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हॅम रेडिओ म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन आपल्या घरून बिनतारी संदेश पाठवण्याचा हा छंद आहे. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षेला बसता येते. परवाना मिळाला की स्वतःचे बोलावण्याचे नाव मिळते. भारतातील अशी बहुतेक नावे ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. राजीव गांधी यांचे नाव ‘व्हीयू टू आरजी’ होते. हवेवर आडनाव विचारत नाहीत, गावही नंतर विचारतात. आपल्या वाचकांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

परवान्याच्या दोन पायऱ्या आहेत. २०१० च्या नियमांत ‘रिस्ट्रिक्टेड’ आणि ‘जनरल’ असे दोन वर्ग ठेवले गेले. पहिल्याला मोर्स लागत नाही. दुसऱ्याला मिनिटाला ८ शब्द या वेगाने मोर्स ऐकून लिहिता आणि पाठवता आले पाहिजे. आंतरराष्ट्रीय पातळीवरची मोर्सची सक्ती २००३ सालीच उठली आणि अमेरिकेने २००७ मध्ये ती परीक्षा बंद केली, पण आपल्याकडे ती त्यानंतरही राहिली. नागपूर हे या परीक्षांचे जुने केंद्र आहे, तेव्हा कामठीच्या मुलांना त्यासाठी मुंबई-दिल्ली करण्याचे कारण नाही. फॉर्म भरण्यापूर्वी चालू नियम आणि फी मात्र दूरसंचार खात्याकडून तपासून घ्यावी. ऐकीव माहितीवर जाऊ नये.

आता शिकण्याविषयी. आमच्या मुलांनी पहिली चूक केली ती तक्त्याची. टिंब आणि रेघांचा तक्ता भिंतीवर लावून पाढ्यासारखा पाठ करायला बसले. दोन आठवड्यांत सगळ्यांना सगळे पाठ, आणि बझर वाजवला की एकालाही काही कळेना! कारण डोळ्याने पाठ केलेली खूण कानाला ओळखता येत नाही. मुलगा ऐकतो, मनात टिंबे मोजतो, तक्ता आठवतो, तोवर पुढची तीन अक्षरे निघून गेलेली असतात. मिनिटाला ८ शब्द म्हणजे साधारण चाळीस अक्षरे, एका अक्षराला दीड सेकंद. मोजायला वेळ कुठला?

तक्ता फाडायला लावला तो वस्तीतल्याच एका निवृत्त जवानाने. त्यांची नोकरी सैन्याच्या सिग्नलमध्ये झाली. ते म्हणाले, “टिंब म्हणू नका, रेघ म्हणू नका. छोट्या आवाजाला डिट म्हणा, लांबट आवाजाला डा म्हणा आणि गा.” खरेच, ए हे अक्षर म्हणजे डिट-डा, एन म्हणजे डा-डिट, एम म्हणजे डा-डा. एका डामध्ये तीन डिटचा वेळ जातो. अक्षर संपले की तीन डिटइतके थांबायचे, शब्द संपला की सातइतके. हा ताल सांभाळला नाही तर ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही. भीमगीतांना ढोलकीची साथ करणाऱ्या एका मुलाला हे सर्वांआधी जमले, याचे आम्हाला नवल वाटले नाही.

जर्मनीतील कॉख नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात याचीच पद्धत बसवली होती. सुरुवातीला दोनच अक्षरे घ्यायची, पण पूर्ण वेगाने. शंभरातली नव्वद बरोबर आली की तिसरे घ्यायचे. हळू वाजवून शिकवू नये, कारण हळू ऐकलेले अक्षर वेगात निराळेच वाटते. हवे तर दोन अक्षरांमधली जागा वाढवावी. रोज वीस मिनिटे पुरतात. रविवारी तीन तास बसून आठवडाभर हात न लावणाऱ्यांचे काही खरे नसते.

खर्चाचे म्हणाल तर सरावाला एक बझर, सेल आणि दाबायची चावी एवढेच लागते. चावी पत्र्याच्या पट्टीचीही चालते. मोबाइलवरही सराव होतो. एका बिडी वळणाऱ्या माउलीने मुलीचा सराव रोज ऐकून ऐकून डझनभर अक्षरे नकळत उचलली. हात तेंदूपानात, कान मोकळे! बिड्यांचे शेकडे मनात मोजायची सवय असलेल्या बायांना हे का जमू नये? हॅम लोक प्रत्येक स्त्रीला, मग ती आजी का असेना, ‘यंग लेडी’च म्हणतात, हे ऐकून त्या माउलीला फार हसू आले.

मुले एक वाक्य मात्र सगळ्यांत आधी शिकली. डिट-डा-डा-डा, डिट-डा, डिट-डिट; डा-डिट-डिट-डिट, डिट-डिट-डिट-डिट, डिट-डिट, डा-डा. म्हणजे ‘जय भीम’. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय ज्या बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते ते कामठीचेच. १९०४ चा जन्म, बिडी कामगारांचे पुढारी, १९३७ साली आमदार आणि १९३९ मध्ये अवघ्या पस्तिशीत निधन. त्यांच्या गावच्या पोरांनी दुसरे काय वाजवायचे?

यावर आमच्याच काही मित्रांचा आक्षेप आहे आणि तो फेटाळण्यासारखा नाही. मेलेली विद्या कशाला, मुलांना स्पर्धा परीक्षेला बसवा, असे ते म्हणतात. आम्ही पालकांना स्पष्ट सांगितले आहे की मोर्सने नोकरी लागत नाही. तारखाते गेले, जहाजांवरची मोर्सची सक्तीही १९९९ साली संपली. परंतु परीक्षेसाठी विद्युतप्रवाह, ट्रान्झिस्टर, एरियल हे शिकावेच लागते. आमचा नववीतला मुलगा ओहमचा नियम मार्कांसाठी घोकत होता, तोच आता रेझिस्टर हातात घेऊन भांडतो. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाईसरॉयांकडे आपल्या मुलांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाची सोय मागितली होती. त्याच सुमारास महार रेजिमेंटची दुसरी बटालियन या कामठीत उभी राहिली. आपली माणसे यंत्रापाशी बसावीत ही मागणी जुनीच आहे.

शिवाय मोर्सचा एक गुण फोनला नाही. तिचा सिग्नल अतिशय अरुंद असतो, म्हणून पाच वॅटचा घरी जुळवलेला संचही हवामान साथ देईल तेव्हा हजारो किलोमीटर पोचतो. बोललेला आवाज जिथे खरखरीत बुडतो तिथे डिट-डा ऐकू येते. १९९३ च्या किल्लारी-लातूर भूकंपात आणि २००१ च्या भूजच्या भूकंपात हॅम लोकांनी संपर्काचे काम केले. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद या हॅम भगिनी पोर्ट ब्लेअरला होत्या आणि अंदमानच्या बातम्या त्यांच्या संचावरून बाहेर येत होत्या. ऑगस्ट २०२० मध्ये कन्हान नदीचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना फोन बंद पडणे म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही.

एक ताकीद मात्र कडक आहे. ऐकण्याचा आणि बझरचा सराव खुशाल करावा, पण परवान्याशिवाय हवेवर एक डिटही सोडायचे नाही. तो गुन्हा आहे, आणि आपण छावणीच्या शेजारी राहतो. परवाना मिळाल्यावरही हवेवर धंदा, जाहिरात, गाणी, राजकीय वाद चालत नाहीत.

सध्या आमच्याकडे नऊ जण टिकून आहेत, पैकी पाच मुली. दोघींचा वेग मिनिटाला सहा शब्दांवर पोचला आहे. अडते ते आकड्यांशी. प्रत्येक आकड्याला पाच-पाच ठोके असतात आणि सात व आठ यांत घोटाळा होतो. त्यासाठी गुरुवारची संध्याकाळ फक्त आकड्यांना ठेवली आहे. बसायला सतरंजी आहे, सेल आणि वही आपापली आणावी.