काळ्या पट्ट्यांना नावं ठेवू नका!

रविवारची दुपार. टीव्हीवर पिक्चर लागलाय आणि वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतायत. घरातलं कुणीतरी म्हणतंच, 'एवढा मोठा टीव्ही घेतला कशाला मग?' तुम्ही रिमोट उचलता, 'झूम' दाबता. स्क्रीन भरते, सगळे खूश. पण बॉस, आत्ता तुम्ही पिक्चरला कात्री लावलीत!

गणित सोपं आहे. तुमचा टीव्ही १६:९, म्हणजे उंची १ धरली तर रुंदी १.७८. सिनेमास्कोप पिक्चरची रुंदी मात्र २.३५ किंवा त्याहून थोडी जास्त. तो अख्खा दाखवायचा तर स्क्रीनचा साधारण पाव भाग काळा राहणारच. झूम केलंत की दोन्ही कडांचं मिळून पाव चित्र गायब. गुरुदत्तचा 'कागज के फूल' (१९५९) हा आपला पहिला सिनेमास्कोप. भल्यामोठ्या रिकाम्या स्टुडिओतला एकटा माणूस ही त्याची जान. रिकामी जागाच कापली, तर एकटेपणा उरला कुठे?

जुन्या ४:३ पिक्चरचं उलट. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) लावा, पट्ट्या डावी-उजवीकडे येतील. त्या घालवायला 'स्ट्रेच' केलंत की तुकोबा आडवे सुटलेच!

चौकट कापली की काय होतं, याचा भारी किस्सा आहे. 'द सिम्पसन्स'चे जुने ४:३ भाग २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर १६:९ करून आले. एका भागात बिअरच्या कारखान्यात तीन वेगवेगळ्या बिअरच्या टाक्या आहेत. जोक हा, की तिन्हींत बिअर येते एकाच पाइपमधून. पण पाइप होता वर, तो कापला गेला आणि जोकही गेला. फॅन्स भडकले. २०२० मध्ये मूळ चौकटीचा पर्याय द्यावा लागला.

मुळात १६:९ हा आकारच तडजोडीचा आहे. १९८०च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अमेरिकी इंजिनीअरने तेव्हाच्या सगळ्या चौकटी एकावर एक ठेवून पाहिल्या आणि सगळ्यांना सांभाळून घेणारा मधला आकार काढला. म्हणजे पट्ट्या ही टीव्हीची चूक नाही, ती ठरवून ठेवलेली जागा आहे.

तेव्हा सेटिंगमध्ये झूम आणि स्ट्रेच दोन्ही बंद करा. मोबाइलवर दोन बोटांनी व्हिडिओ ताणतानाही हे आठवा. खोलीतला लाइट घालवा. दहा मिनिटांत पट्ट्या विसराल, पिक्चर तेवढा दिसेल. अख्खा!