अंगावर पाजणारी आई आणि औषधे

आषाढात भातलावणी सुरू झाली की विंझरच्या परिसरात ताप, सर्दी, अंगदुखी घरोघर येते. दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बाईला, तिच्या अंगावर तान्हे मूल असले तरी, गोळीवाचून भागत नाही. अशा वेळी वडीलधाऱ्या बायका सांगतात, "गोळी घेतलीस, आता बाळाला पाजू नको." काही माता याच्या उलट करतात. बाळाला बाधेल म्हणून त्या स्वतःचे औषधच टाळतात. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टींची गरज नसते आणि दोन्हींत नुकसान मात्र मोठे असते.

आईने घेतलेले औषध रक्तात जाते व रक्तातून त्याचा थोडा अंश दुधात उतरतो. वजनाच्या मानाने बाळाला पोचणारी मात्रा आईच्या मात्रेच्या १० टक्क्यांहून कमी असेल, तर ते औषध सामान्यतः चालण्याजोगे मानतात. बहुतेक नेहमीची औषधे या मर्यादेच्या आत बसतात. उलट पाजणे थांबवले तर दूध साचून छातीत गाठी होतात, पुढे दूध आटते, आणि बाळाच्या तोंडी बाटली येते. बाटलीमागून जुलाब येतात.

ताप-अंगदुखीवर पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन, तसेच जंतुसंसर्गावर डॉक्टरांनी दिलेले अमॉक्सिसिलिन पाजणाऱ्या आईला चालते. बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यावयाच्या लोहाच्या गोळ्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही जरूर घ्याव्यात. मात्र त्या दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत.

क्षयरोगाबद्दल विशेष सांगावेसे वाटते. क्षयाची नेहमीची औषधे चालू असताना बाळाला पाजता येते. औषध मध्येच सोडले, तर आईचा आजार बळावतो आणि तिच्या खोकल्यातून बाळाला लागण होण्याचा धोका वाढतो. आईने तोंडाला फडके बांधून पाजावे आणि बाळाला प्रतिबंधक औषध द्यायचे का, हे डॉक्टरांना विचारावे.

पाळणा लांबविण्याच्या गोळ्यांतही फरक आहे. 'माला-एन' बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घेऊ नये. 'छाया' ही गोळी पाजणाऱ्या आईला चालते. 'अंतरा' इंजेक्शन बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी घेता येते.

काही औषधांपासून मात्र सावध राहावे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध व ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी यांनी बाळाला गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली पाजणाऱ्या मातांना तसा इशारा दिला. दुखण्यासाठी ॲस्पिरिन घेऊ नये. सर्दीच्या गोळीतील सूडोएफेड्रिनने दूध कमी होते. कर्करोगाची बहुतेक औषधे व किरणोत्सारी आयोडीन घेताना पाजणे थांबवावेच लागते. झाडपाल्याचा काढा किंवा भस्म हेही औषधच आहे. तेही विचारल्याशिवाय घेऊ नये.

ध्यानात ठेवावे असे :

१. बाळ दोन महिन्यांच्या आतले किंवा अपुऱ्या दिवसांचे असेल, तर अधिक काळजी घ्यावी.
२. शक्य तेव्हा गोळी पाजून झाल्यावर लगेच घ्यावी, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत वेळ मिळतो.
३. बाळ फार सुस्त झाले, पिईना, किंवा श्वास मंद वाटला, तर ताबडतोब दवाखाना गाठावा; गाडीसाठी १०८ क्रमांक लावावा.
४. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचे औषध घेऊ नये.

वेल्ह्याहून किंवा नसरापूरहून औषध आणायला बहुधा घरातला पुरुष जातो आणि "अंगदुखीची गोळी द्या" एवढेच सांगून घेऊन येतो. त्या बंधूंना विनंती आहे की, दुकानदाराला आणि डॉक्टरांना आणखी एक वाक्य अवश्य सांगावे : "बाई अंगावर पाजते आहे, बाळ इतक्या महिन्यांचे आहे." एवढे कळले तर डॉक्टरांना योग्य औषध निवडता येते, आईचे दुखणेही बरे होते आणि बाळाचे दूधही तुटत नाही.