नवी गाडी, शिळा सल्ला

सातारा-पंढरपूर रस्त्यावर कोरेगाव मागे टाकून पुसेगावकडे निघाले की वाटेत वर्धनगडाचा घाट लागतो. घाट काही फार मोठा नाही. पण पुसेगावच्या बाजूने कोरेगावकडे उतरताना उतार सुरू झाला, की कितीतरी चालकांचा हात सवयीने गिअरच्या दांडीवर जातो आणि गाडी न्यूट्रलला येते. कारण विचारा, उत्तर तयार असते: उतारावर गाडी आपोआप पळते, मग उगाच पेट्रोल कशाला जाळायचे? हा सल्ला वडिलांकडून मुलाकडे आणि जुन्या ड्रायव्हरकडून नव्याकडे आलेला असतो, आणि एके काळी तो बरोबरही होता. ज्या गाडीसाठी तो दिला गेला, ती गाडी मात्र आता रस्त्यावर जवळजवळ उरलेली नाही. गेल्या पंचवीस वर्षांत मोटार आतून पार बदलली; तिच्याविषयीचे आपले शहाणपण तिथेच थांबले. गाडी तापणे, ब्रेक न लागणे, मायलेज पडणे, डॅशबोर्डवर दिवा पेटणे या रोजच्या तक्रारींच्या मुळाशी गेले, तर अनेकदा बिघडलेल्या भागाच्या आधी हा शिळा सल्ला सापडतो.

हा सल्ला आला कुठून, हे पाहायला लांब जायला नको. कोरेगाव तालुक्याला इंजिनाची ओळख कालपरवाची नाही. तालुक्यातल्याच सातारा रोड या ठिकाणी धनजीशा कूपर यांनी स्वातंत्र्यापूर्वी उभारलेला कारखाना लोखंडी नांगरांपासून डिझेल इंजिनांपर्यंत यंत्रे बनवत असे. विहिरीवरचे इंजिन खोलायचे, नोझल साफ करायचे, आवाजावरून दुखणे ओळखायचे, ही विद्या या भागातल्या शेतकऱ्याच्या हाताला अनेक पिढ्यांची आहे. पुढे आलेल्या मोटारीही त्याच जातकुळीच्या होत्या. अ‍ॅम्बॅसडर असो, मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमिअर पद्मिनी असो की डिसेंबर 1983 मध्ये आलेली मारुती 800, त्यांच्या जुन्या पिढ्यांत पेट्रोल आणि हवेचे मिश्रण कार्बोरेटर करायचा. कार्बोरेटर हे साधे यांत्रिक उपकरण. थंडीत त्याला चोक लागायचा, सकाळी इंजिन चार-पाच मिनिटे गरम करावे लागायचे. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवली तर इंजिन वेगाने फिरायचे आणि त्या वेगाच्या हिशेबाने थोडे का होईना पेट्रोल ओढत राहायचे. न्यूट्रल केले की फेरे कमी, पेट्रोलही कमी. त्या गाडीपुरता हिशेब चोख होता.

2000 च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले आणि कार्बोरेटरची जागा इंजेक्टरने घेतली. आता किती पेट्रोल सोडायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला आहे आणि चाकेच इंजिनाला फिरवत आहेत, हे त्याला कळते. मग तो इंजेक्टर बंद करतो. इंजिन फिरत असते, पण त्यात इंधनाचा थेंबही जात नाही. न्यूट्रल केले की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. इंजिन बंद पडू नये म्हणून संगणकाला पुन्हा इंधन सोडावे लागते, आणि नुसत्या चालू इंजिनाला तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल लागते. म्हणजे ज्या युक्तीने आजोबांचे पेट्रोल वाचत होते, त्याच युक्तीने नातवाचे खर्ची पडते. घाटाच्या एका उतरणीत हा तोटा किरकोळच. खरा धोका वाचलेल्या किंवा गेलेल्या पेट्रोलात नाही, ब्रेकमध्ये आहे.

गिअरमधली गाडी उतारावर इंजिनच धरून ठेवते. न्यूट्रलमध्ये हा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक म्हणजे घर्षण आणि घर्षण म्हणजे उष्णता. ती उष्णता चाकाजवळच्या ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, ही त्याची जन्मजात खोड. डॉट-3 प्रतीच्या नव्या ऑइलचा उकळबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो; ओलावा धरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा 140 अंश आहे. डॉट-4 साठी हे आकडे 230 आणि 155 आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल मऊ लागते आणि थेट फळीपर्यंत खाली जाते. थोड्या वेळाने सगळे थंड झाले की ब्रेक पुन्हा लागतात आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही. ‘ऑइल तर फुल्ल आहे’ हे त्याचे म्हणणे खरे असते. डबीतली पातळी ऑइल किती आहे ते सांगते, किती जुने आहे ते सांगत नाही. म्हणूनच बहुतेक कंपन्या पातळी कशीही असली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. इंजिन बंद करून उतरणे तर याहून घातक. ब्रेकला मदत करणारी हवेची पोकळी पेडल दोन-तीनदा दाबताच संपते आणि स्टिअरिंग जड होते. पुण्यात नवले पुलाजवळ 20 नोव्हेंबर 2022 रोजी एका मालट्रकने उतारावर डझनावारी वाहनांना धडक दिली. ब्रेक निकामी झाले असावेत, अशी पहिली चर्चा होती. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र उतारावर इंजिन बंद करून ट्रक आणल्याची बाब पुढे आली. पुणे-बंगळूर महामार्गावरचा हा उतार साताऱ्याहून पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेतला आहे, आणि त्याआधी खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावरची वळणाची उतरणही.

यावर कोणी म्हणेल, मग जुने ते सगळे टाकाऊच का? तसे मुळीच नाही. ‘ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा’ हे एसटीच्या चालकांचे सूत्र आजही सोळा आणे खरे आहे. फरक असा की जे शहाणपण वजन, उतार आणि उष्णता यांवर बेतलेले असते ते टिकते; जे एखाद्या सुट्या भागावर बेतलेले असते ते त्या भागाबरोबर बाद होते. गुरुत्वाकर्षण बदलले नाही, कार्बोरेटर गेला. ऑटोमॅटिक गाडीतही हेच सूत्र चालते, फक्त तिथे ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड वापरून खालचा गिअर मुद्दाम निवडावा लागतो. विजेच्या गाडीत मोटारच वेग रोखते आणि बॅटरी चार्ज करते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर मात्र हा रोध कमी मिळतो, तेव्हा घाटमाथ्यावर शंभर टक्के चार्ज करून उतरू नये.

गाडी तापण्याची गोष्टही अशीच. माण-खटावच्या उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये पाणी ओतणारे चालक ठिकठिकाणी दिसतात. जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरला ते बरेच सोसायचे. आजचे रेडिएटर अ‍ॅल्युमिनिअमचे, इंजिनाचा वरचा भागही बहुधा अ‍ॅल्युमिनिअमचाच. बोअरच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात, अरुंद नळ्या बुजतात. कूलंटमधले ग्लायकॉल उकळबिंदू वाढवते आणि त्यातली रसायने गंज रोखतात. साध्या पाण्याने दोन्ही फायदे पातळ होतात. अडल्या वेळी पाणी टाकावे लागले तर टाकावे, पण नंतर सगळे काढून योग्य कूलंट भरावे. आणि तापलेल्या गाडीचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नसते. झाकण सैल होताच ते वाफेसकट तोंडावर येते. गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबावे. काटा नुकताच चढू लागला असेल तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू केल्यास इंजिनाची थोडी उष्णता बाहेर निघते.

डिझेल गाडीत तर सल्ल्याचा काळ आणखी झपाट्याने सरला. गावातून कोरेगावच्या बाजाराला आणि परत, एवढ्याच फेऱ्यांसाठी ‘डिझेल स्वस्त पडते’ म्हणून गाडी घेणे पूर्वी शहाणपणाचे होते. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आले आणि डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी बसली. साठलेली काजळी गाळणीत जाळून टाकायची तर तिथले तापमान साधारण 600 अंशांपर्यंत जावे लागते, आणि चार-पाच किलोमीटरच्या फेरीत तेवढी उष्णता येतच नाही. मग डॅशबोर्डवर दिवा पेटतो. अशा वेळी गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे महामार्गावर गाडी पंधरा-वीस मिनिटे एका लयीत चालवली, तर बहुतेकदा गाळणी स्वतःच साफ होते. दिव्याकडे दुर्लक्ष केले तर गाळणी बदलण्याचा खर्च मोठा. या गाड्यांना कमी राख सोडणारे विशिष्ट इंजिन ऑइल लागते. ‘ऑइल ते ऑइल’ म्हणून बॅरलमधले कोणतेही भरले तर तीच गाळणी बुजते.

मायलेज पडले की प्लग साफ करा, नाहीतर पंपवाल्याने भेसळ केली, हेही जुने निदान. उसाच्या या पट्ट्याला इथेनॉल नवे नाही, पण पेट्रोलमध्ये ते आता 20 टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. एक लिटर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या जवळपास दोन-तृतीयांशच असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालाने जुन्या आखणीच्या चारचाकींमध्ये मायलेज 6 ते 7 टक्क्यांनी घटण्याचा अंदाज दिला होता. म्हणजे वीस देणारी गाडी पावणेएकोणीसवर आली, तर इंजेक्टर साफ करण्यावर दोन हजार घालण्याआधी हा हिशेब करावा. या मिश्रणामुळे एप्रिल 2023 पूर्वीच्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्याव्यात आणि पेट्रोलचा वास आला तर टाळाटाळ करू नये.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप मेकॅनिकच्या बाजूने येतो. ज्याचे आयुष्य ग्रीसमध्ये गेले त्याच्यापुढे कंपनीची पुस्तिका काय सांगणार? शिवाय ती लिहिणाऱ्या कंपनीला माल विकायचाच असतो. पण पुस्तिका उघडून पाहिली तर उलटेच दिसते. पूर्वी तीन-पाच हजार किलोमीटरवर बदलले जाणारे इंजिन ऑइल आता बहुतेक पेट्रोल मोटारींत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलायला सांगितलेले असते. सर्व्हिस सेंटरमध्ये बिलाला जोडली जाणारी ‘इंजिन फ्लशिंग’सारखी कामे त्या तक्त्यात बहुधा नसतात. पुस्तिका ग्राहकाला जुन्या सल्ल्यापासून वाचवते, तशी नव्या विक्रीपासूनही. आणि धूळ, चढ, उकाडा, छोट्या फेऱ्या अशा खडतर वापरासाठी तिच्यातच वेगळा, जवळच्या अंतराचा तक्ता असतो. गळीत हंगामात ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांमागून शेतरस्त्याने फिरणारी कोरेगावची गाडी याच तक्त्यात बसते. तिचा एअर फिल्टर लवकर बदला, असे सांगणारा मेकॅनिक बरोबरच आहे. चांगल्या मेकॅनिकचा कान आणि पुस्तिकेतला आकडा एकमेकांचे वैरी नाहीत. कान बिघाड शोधतो, आकडा तो टाळतो.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: पुस्तिका इंग्रजीत असते. महाराष्ट्रात लाखो गाड्या विकणाऱ्या कंपन्यांनी ती मराठीत द्यायला हवी, आणि गाडी ताब्यात घेताना ग्राहकाने ती मागायला हवी. तोवर मोबाइलच्या कॅमेऱ्याने पानाचे भाषांतर होते, आणि सगळी दोनशे पाने वाचायची गरजही नाही. देखभालीचा तक्ता, ऑइल-कूलंटची प्रत, टायरमधल्या हवेचा दाब आणि डॅशबोर्डवरच्या दिव्यांचे अर्थ, एवढी चार पाने पुरेत. हवेचा दाब तर अनेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरच छापलेला असतो. पुढच्या सर्व्हिसिंगला जाण्याआधी समोरच्या कप्प्यातली पुस्तिका काढा, ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले ते जुन्या बिलात पाहा, आणि दोन वर्षे उलटली असतील तर घाट उतरण्याआधी ते बदलून घ्या.