नाकातून आलेला नकार

न्यूमोनियाने धापा टाकणारा रुग्ण दाखल झाला, की जंतूचं नाव कळेपर्यंत डॉक्टरांना थांबता येत नाही. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून ज्यांचा ज्यांचा संशय, त्या सगळ्या जंतूंवर एकदम औषधं सुरू होतात. त्यात धास्ती असते एमआरएसएची, म्हणजे मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसची. मेथिसिलिन आल्यावर लगेचच, १९६१ मध्ये, इंग्लंडमध्ये त्याची पहिली नोंद झाली. त्याच्यासाठी शिरेतून व्हँकोमायसिन दिलं जातं. हे औषध मूत्रपिंडांना इजा करू शकतं, त्यामुळे रक्तातलं त्याचं प्रमाण पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. आणि ज्यांना ते दिलं जातं, त्यातल्या बहुतेकांच्या फुप्फुसात हा जंतू नसतोच.

तो आहे का, याचा सुगावा नाकात लागतो. नाकपुडीचा पुढचा भाग ही स्टॅफची आवडती वस्ती. तिथून कापसाच्या काडीने नमुना घेऊन पीसीआर चाचणी केली, तर काही तासांत उत्तर मिळतं. २०१८ मध्ये २२ अभ्यासांतल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. नाकातला नमुना निगेटिव्ह असलेल्यांपैकी सुमारे ९६.५ टक्के रुग्णांचा न्यूमोनिया एमआरएसएचा नव्हता. पॉझिटिव्ह आलेल्यांत मात्र निम्म्यांहून कमी जणांना तो न्यूमोनिया होता. नाकात जंतू असणं म्हणजे तो फुप्फुसात असणं नव्हे. या चाचणीचं सगळं मोल तिच्या ‘नाही’मध्ये आहे.

२०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी हा ‘नाही’ मानला. बाहेरून न्यूमोनिया घेऊन आलेला, एमआरएसएचा धोका असलेला रुग्ण गंभीर असेल तर औषध सुरू करा, पण नमुना निगेटिव्ह आला की थांबवा, असं त्या सांगतात.

आपल्याकडे हे आकडे जसेच्या तसे उचलून चालणार नाही. २००८-०९ मध्ये भारतातल्या अनेक रुग्णालयांच्या पाहणीत स्टॅफ ऑरियसच्या दर शंभर नमुन्यांमागे चाळीसएक एमआरएसएचे निघाले होते. जंतूचा वावर जितका जास्त, तितका निगेटिव्ह रिपोर्टवरचा भरवसा कमी. म्हणून प्रत्येक रुग्णालयाने आपल्याच रुग्णांवर हा ‘नाही’ पारखून घ्यायला हवा, आणि हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही.

औषध बंद केलं, की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. त्यांना नीट सांगायला हवं, की थांबलंय ते फक्त व्हँकोमायसिन. न्यूमोकॉकससारख्या इतर जंतूंवरची औषधं चालूच आहेत.