दमसासाची आवर्ती ठेव

नववर्षाच्या पहिल्या आठवड्यात शहरोशहरीची मैदाने, उद्याने आणि तलावांचे काठ धावणाऱ्यांनी फुलून जातात. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि तेव्हापासून धावणे हे केवळ खेळाडूंचे क्षेत्र उरले नाही. नोकरदार, व्यावसायिक, गृहिणी, निवृत्त ज्येष्ठ असे सारेच त्याकडे आकृष्ट झाले. परंतु फेब्रुवारी उजाडेपर्यंत ही गर्दी विरळ होते. नवे बूट कपाटात जातात आणि ‘धावणे आपल्या प्रकृतीला मानवत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः न मानवलेली गोष्ट धावणे नसून घाई ही असते.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. दिवसाचे आठ-नऊ तास संगणकासमोर बसून काढणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार ही दूरची संकटे राहिलेली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास धावता येऊ लागले, तर हे उद्दिष्ट सहज पूर्ण होते.

दमसास वाढतो कसा?

आपण संथ गतीने धावतो तेव्हा स्नायूंना लागणारा प्राणवायू श्वासावाटे पुरेसा मिळत राहतो. असा व्यायाम काही आठवडे नियमित घडला, की हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींमध्ये ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका वाढतात. दमसास म्हणजे या तिन्ही बदलांची गोळाबेरीज. याउलट नवखा माणूस पहिल्याच दिवशी वेगाने धावतो; प्राणवायूचा पुरवठा मागणीला पुरा पडत नाही, धाप लागते आणि पाचव्या मिनिटाला थांबावे लागते.

योग्य गती ओळखण्यासाठी महागड्या घड्याळाची गरज नाही. धावता धावता सोबत्याशी एक संपूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले, तर वेग जास्त झाला असे खुशाल समजावे.

संथ धावण्याचे महत्त्व जगाला पटवून देणाऱ्यांत न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचे नाव अग्रभागी आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक जिंकणारा त्यांचा शिष्य पीटर स्नेल हा सरावात आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावत असे. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठीही आधी पाया विस्तीर्ण हवा, हे त्यामागील सूत्र. याच लिडियार्ड यांनी पुढे ऑकलंडमधील मध्यमवयीन नागरिकांना आणि हृदयविकारातून सावरलेल्यांनाही हळूहळू धावावयास लावले.

पहिले नऊ आठवडे

नवशिक्यांसाठी ‘काउच टू फाइव्ह-के’ हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम १९९६ साली तयार झाला आणि ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेनेही तो स्वीकारला. आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवसाआड. प्रारंभी पाच मिनिटे झपाझप चालणे. त्यानंतर ६० सेकंद धावणे व ९० सेकंद चालणे, असे एकंदर वीस मिनिटे. पुढील आठवड्यांत धावण्याचा अवधी वाढवीत नेऊन नवव्या आठवड्यात सलग तीस मिनिटे धावावयाचे. मध्येच चालणे हा पराभव नव्हे. तो त्या पद्धतीचाच भाग आहे. एखादा आठवडा जड गेला, तर तोच पुन्हा करावा.

येथे एक धोका ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. हृदय व फुप्फुसांची क्षमता काही आठवड्यांत सुधारते. परंतु स्नायुबंध आणि हाडे बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. दुसऱ्या महिन्यात श्वास ‘अजून धाव’ म्हणतो, पण पाय अद्याप तयार नसतात. अल्पमुदतीच्या ठेवींवर दीर्घमुदतीची कर्जे वाटली, तर बँकेचे जे होते तेच येथे होते: नडगी, गुडघा किंवा टाच दुखू लागते. म्हणून दम असूनही अंतर हळूहळूच वाढवावे. साप्ताहिक अंतरात दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये, असा धावपटूंमध्ये रूढ असलेला ठोकताळा आहे. विशिष्ट जागी टोचणारे दुखणे धावताना वाढत गेले, तर त्या दिवशी थांबणेच श्रेयस्कर.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यांनी वैद्यकीय तपासणी करूनच प्रारंभ करावा. धावताना छातीत दुखणे, भोवळ येणे ही लक्षणे कधीही अंगावर काढू नयेत.

आपले वाचक देशभर विखुरलेले आहेत, त्यामुळे वेळापत्रकही गावानुसार बदलावे. मुंबई, चेन्नई, कोलकात्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही. तेथे सूर्योदयापूर्वी धावावे आणि वेग आणखी कमी ठेवावा. दिल्लीत थंडीच्या दिवसांत हवा दूषित असेल, तेव्हा घरातच जिन्याची चढ-उतार करावी. महिलांनी पहाटेच्या अंधारात एकटीने धावण्यापेक्षा दोघी-तिघींचा गट करणे सोयीचे ठरते.

मार्चअखेरचे काय?

मार्चअखेर हा आपल्या क्षेत्रातील कसोटीचा काळ. तेव्हाच सराव सुटतो. सराव पूर्ण थांबला, तर दोन-तीन आठवड्यांत दमसास घसरू लागतो. परंतु आठवड्यातून दोन वेळा वीस मिनिटे धावले, तरी बराचसा टिकून राहतो. आवर्ती ठेवीचा हप्ता एकवेळ लहान असावा, पण चुकू नये.

वयाची सबब सांगणाऱ्यांनी जालंधर जिल्ह्यातील फौजा सिंग यांचे स्मरण करावे. पत्नी आणि मुलाच्या मृत्यूनंतर दुःखातून सावरण्यासाठी ते ऐंशीनंतर धावू लागले. पारपत्रावरील नोंदीनुसार वयाच्या ८९ व्या वर्षी, २००० साली, त्यांनी लंडन मॅरेथॉन पूर्ण केली. २०११ मध्ये टोरंटोत ४२.१९५ किलोमीटरचे अंतर पार केले तेव्हा ते शंभर वर्षांचे होते. जन्मदाखला नसल्याने गिनीज बुकात त्याची नोंद झाली नाही. जुलै २०२५ मध्ये रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले.

आपल्याला मॅरेथॉन धावावयाची नसेलही. कार्यालयाचे तीन मजले न धापता चढता यावेत आणि निवृत्तीनंतरची वर्षे स्वतःच्या पायांवर काढता यावीत, एवढे उद्दिष्टही पुरेसे आहे. त्याचा पहिला हप्ता साठ सेकंदांचा आहे. तो उद्या सकाळीच भरावा.